कागद उचलायची वेळ

बाई, हे मी तुमच्या मराठीत लिहिते आहे, माझ्या नाही. माझ्या मराठीत लिहिलं असतं तर पहिल्याच ओळीला तुम्ही हातातला चहा खाली ठेवून म्हणाला असता, "पुन्हा म्हण." तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी 'मले' लिहायला गेले की हात थांबतो आणि कागदावर 'मला' उतरतं. गावी गेले की भाऊ हसतो. म्हणतो, "तू त पुस्तकासारखी बोलून राह्यली." त्याला काय सांगू की हे पुस्तक नव्हतं, तुम्ही होतात.

मी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माय काविळीने गेली त्याला चार महिने झाले होते. हिंगणीच्या घरात भाऊ, त्याची नवी बायको आणि मी. वहिनी वाईट नव्हती, पण दोन खोल्यांत तिसरं माणूस नको झालं की ते न बोलताही कळतं. तुमच्याकडे स्वयंपाकाला असलेली मावशी आमच्याच गावची. एका सकाळी तिने मला सेलूच्या एसटीत बसवलं, मध्येच रस्त्यावर उतरवलं आणि तुमच्या पत्र्याच्या शेडपुढे उभं केलं. "हिले ठेवून घ्या बाई," ती म्हणाली, "पोरगी गुनाची हाय. माय गेली तवापासून हिचं कोनी नाई." तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझे हात उलटेसुलटे करून पाहिलेत, बाजारात भेंडी पाहतात तसे, आणि म्हणालात, "नखं काप." मग विचारलंत, काय येतं. मी म्हटलं, "मले काईच नाई येत." तुम्ही म्हणालात, "मला काहीच येत नाही. म्हण." मी म्हटलं. "हे मात्र खरं बोललीस," असं म्हणून तुम्ही आत गेलात, आणि माझं तिथे राहणं ठरलं.

पहिलं वर्षभर मी फक्त माती मळली. पांढरी माती पोत्यांतून यायची, लाल माती आपण नाल्यातून आणायचो, आणि दोन्ही मळून माझ्या मनगटांना कायमची सूज आली. मग वाट्या करायला दिल्यात. तुम्ही माझी वाटी कधी फेकून फोडली नाही. फेकली असती तर सोपं गेलं असतं, रागावलेलं माणूस समजतं. तुम्ही शांतपणे ओल्या वाटीच्या बुडावर अंगठा टेकवायचात आणि हळूहळू दाबत जायचात, तो आरपार निघेपर्यंत. मग भोकातून माझ्याकडे बघत म्हणायचात, "किती जाड, बघ. ही वाटी आहे की गोठ्यातली डोणी?" शेडमधल्या बाकीच्या दोघी मुली हसायच्या. त्यांनाही हसावंच लागायचं. पुढची वाटी त्यांची असायची. एकदा मला हिवताप भरला तेव्हा तुम्ही ओल्या मातीच्या घड्या फडक्यात घालून माझ्या कपाळावर ठेवल्यात आणि दुपारभर त्या बदलत बसलात, हेही मी विसरलेले नाही. त्या दुपारी मी तुम्हाला झोपेत 'माय' म्हटलं असं मावशी सांगते. तुम्ही ते दुरुस्त केलं नाहीत म्हणे.

दुसऱ्या वर्षी तुम्ही मला छपाई शिकवायला घेतली. मातीवर चित्र उमटवायचं, पण कुंचल्याने काढून नाही, कागदावरून उतरवून. मला ती जादूच वाटली होती. तुम्ही म्हणालात, शिकायचं तर अशा चित्रावर शिकायचं, जे बिघडलं की आपल्याला लागतं. आणि विचारलंत, "तुझ्याकडे आईचा फोटो आहे?" होता. एकच होता. मतदान कार्डासाठी सेलूच्या फोटोवाल्याकडे काढलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा. त्याने मायला डोक्यावरचा पदर मागे घ्यायला लावला होता, म्हणून ती त्यात जरा घाबरलेली दिसते. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण स्वच्छ दिसतं. मी तो पत्र्याच्या डबीत ठेवला होता. तुम्ही तो खिडकीच्या उजेडात धरलात आणि बराच वेळ पाहत राहिलात. तुमचा चेहरा असा मऊ झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "मोठा करून देते तुला," तुम्ही म्हणालात. मी तुमच्या पाया पडले.

फोटो मोठा करून, त्याचे बारीक ठिपके करून, तुम्ही त्याची जाळी बनवून आणलीत. लाकडी चौकटीवर ताणलेलं रेशमी कापड, त्यात माझी माय. रंगवलेली घट्ट माती जाळीवर ओतायची, रबरी पट्टीने ओढायची, खालच्या पातळ कागदावर चेहरा उतरतो. त्यावरची ओल मरेपर्यंत थांबायचं, मग तो कागद मातीच्या पोळीवर पालथा घालायचा. पोळी ना ओली ना सुकी, चपलेच्या चामड्यासारखी हवी. मागून चमच्याच्या पाठीने घासायचं, कपाळ, गाल, नाक, हनुवटी. आणि मग कागद उचलायचा. "सगळी कला उचलण्यात आहे," तुम्ही म्हणायचात. "लवकर उचललास तर चेहरा कागदालाच राहतो. उशीर केलास तर मातीची साल घेऊन येतो."

पहिल्यांदा मी लवकर उचलला. मायचं अर्धं तोंड मातीवर, अर्धं कागदावर. तुम्ही हातात पत्र्याची पट्टी दिलीत. "खरवड." मी मायचं तोंड खरवडलं. तो चिखल बालदीत टाकला, नवी पोळी लाटली. दुसऱ्यांदा नाक गेलं. खरवड. तिसऱ्यांदा डोळा फाटला. खरवड. मी रडत होते, आणि तुम्ही मागे उभ्या राहून सांगत होतात, "डोळ्यातलं पाणी मातीवर पाडू नकोस, तिथे छपाई बसत नाही." पंधरा दिवस असं चाललं. खोटं कशाला सांगू, त्या पंधरा दिवसांत मी सुखातही होते. रोज सकाळी माय भेटायची. चमच्याने तिची हनुवटी घासताना, तिथलं गोंदण उमटावं म्हणून बोटाने दाबताना, ती जिवंत असताना तिच्या तोंडावरून इतका हात मी कधी फिरवला नव्हता. चौदाव्या का पंधराव्या दिवशी एक छपाई अशी उतरली की तुम्हीसुद्धा पट्टी पुढे केली नाहीत. मग म्हणालात, "आता हेच पुन्हा. एकदा जमलं म्हणजे चुकून जमलं." मी पुन्हा केलं, आणि पुन्हा. प्रत्येक पोळी तुम्ही साच्यावर ठेवून तिला ताटाचा आकार देत होतात. ताटं मांडणीवर वाळत ठेवलीत. मी विचारलं, इतक्यांचं काय करायचं. तुम्ही म्हणालात, "सरावाची आहेत. त्यातलं एक भाजू, बाकी भिजवून टाकू."

मग वहिनीचं बाळंतपण आलं आणि मी आठ दिवस गावी गेले. परत आले तर मांडणी रिकामी होती. तुम्ही कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक ताट काढलंत आणि माझ्या हातात ठेवलंत. "घे. तुझं." वरून काचेसारखी झिलई, आत माझी माय. एका बाजूने ताट जरा वाकलं होतं आणि झिलईला कानाजवळ केसाएवढी चीर होती, पण मला ते काही दिसलंच नाही. आयुष्यात मला कुणी दिलेली एवढी मोठी वस्तू तोवर नव्हती. ते छातीशी धरून मी त्याच दिवशी परत एसटीने हिंगणीला गेले. भावाने पाहिलं आणि विचारलं, "हे ताट होय का फोटो होय?" पण नंतर तो कोपऱ्यात जाऊन तोंड पुसत होता. त्याने तार बांधून ते भिंतीवर लावलं. मी फोटो परत मागितला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आहे कुठेतरी, देते." चार वेळा मागितला. मग मागणं सोडलं.

तीन महिन्यांनी नागपूरला तुमचं प्रदर्शन होतं. तुम्ही आम्हाला सांगितलंत, पाहुण्यांना जेवण आहे, दोघी चला हाताखाली. मी आणि मावशी सामान घेऊन मागच्या दाराने आत गेलो. भात, वरण, भरली वांगी, ज्वारीच्या भाकरी. मोठ्या घरची माणसं आज आपल्यासारखं जेवणार याची मावशीला गंमत वाटत होती. लांब टेबल मांडलेलं, त्यावर आधीच ताटं लावलेली, प्रत्येकावर पांढरं फडकं झाकलेलं. तुम्ही टाळी वाजवलीत, लोकांनी फडकी उचलली, आणि कौतुकाचे आवाज निघाले. मी भाताचं पातेलं घेऊन वाढायला गेले. वाकले आणि पाहिलं.

चोवीस ताटं होती, बाई. चोवीस माया. सगळ्यांची झिलई नितळ, एकीलाही चीर नाही, एकही वाकडं नाही. मग मला कळलं की माझ्या हातात तुम्ही काय ठेवलं होतं. तरी मी भात वाढला. पहिल्या ताटात तो तिच्या कपाळावर पडला, गरम, वाफ निघत होती. दुसऱ्या ताटात डोळ्यांवर. वाढणारीने वाढायचं असतं, मागे मावशी वरण घेऊन उभी होती. तिने खाली पाहिलं, ओगराळं हातातच राहिलं, आणि ती माझ्या कानाशी म्हणाली, "हे त तुही माय होय ना वं?" मी म्हटलं, "वाढ, मावशी." "काऊन वं असं?" ती म्हणाली. मी म्हटलं, "वाढ."

लोक जेवत गेले तसतशी माय वर येत गेली. आधी हनुवटी, मग तोंड. एका बाईने भाकरीने डाळ पुसून घेतली तेव्हा मायचे दोन्ही डोळे उघडे पडले, त्यातल्या एकात वांग्याची बी होती. तुमच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "कोण आहे ही?" मी तुमच्या खांद्यामागेच होते, भात घेऊन. तुम्हाला ठाऊक होतं मी तिथे आहे. तुम्ही नुकताच 'थोडा' म्हणून हात केला होता. तुम्ही म्हणालात, "कुणीही नाही. म्हणूनच निवडली. आणि हे बघा, गोंदणाचे ठिपके आणि छपाईचे ठिपके एकमेकांत कसे मिसळलेत." सगळे वाकून आपापल्या ताटात बघायला लागले. मग मागच्या मोरीवर आम्ही दोघींनी ती ताटं घासली. मावशी रडत होती, मी नव्हते. मी बोटाने घासत होते, घासणीने झिलईवर ओरखडे पडतात म्हणून. तुमचं शिक्षण इतकं पक्कं होतं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मावशी मागे सामानात झोपली होती. मी धीर करून म्हटलं, "बाई, मायचा फोटो—"

"आईचा," तुम्ही म्हणालात.

मग तुम्हीच बोललात, बाहेर बघत. "तुझी आई गेलेली होती. मी तिचं काही घेतलं नाही. मातीत गेलेली बाई मातीवर आली. तुझ्या गावात तिला कोण ओळखत होतं? आज इतक्या लोकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आणि तू शिकलीस ना? मग?" मला उत्तर आलं होतं, पण ते माझ्या मराठीत होतं आणि तुमच्या मराठीत करेपर्यंत शेड आलं.

मावशीने त्याच आठवड्यात काम सोडलं. जाताना म्हणाली, "चाल माह्यासंगं. हे बाई मानूस नाई होय." मी गेले नाही. लोकांना वाटतं मी निष्ठावान होते, तुमच्या आठवणीच्या सभेत कुणी तसं म्हणालंही. निष्ठा कसली? मला अजून झिलई येत नव्हती. भट्टी लावता येत नव्हती. घरी जाऊन काय करणार होते, मोहाची फुलं वेचणार होते? तुमच्याकडून सगळं काढून घ्यायचं आणि मग जायचं, असं मी ठरवलं होतं. आठ वर्षं मी तुमच्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलले नाही आणि तुम्हाला ते जाणवलंसुद्धा नाही. तुम्हाला कामाव्यतिरिक्त शब्द लागतच नव्हते.

मग एका सकाळी तुम्ही चाकावर बसल्या बसल्या उजवीकडे कलंडलात. सेवाग्रामच्या दवाखान्यातून महिन्याने परत आणलं तेव्हा उजवा हात गेलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि शब्द फुटत नव्हते. तुमचा पुतण्या दोन दिवस राहिला, मला म्हणाला, "तुम्ही घरच्याच आहात," आणि गेला. बाकीच्या मुली हळूहळू पांगल्या. शेडमध्ये तुम्ही आणि मी. मी तुमचं सगळं केलं. अंघोळ, केस, पोटात गेलेलं बाहेर आलं की ते पुसणं, सगळं. त्यात कसूर केली नाही, पाठीला एक फोड येऊ दिला नाही. जे केलं ते दुसरंच. तुम्ही तोंड वेडंवाकडं करून "पा… पा…" करायचात. मी ग्लास घेऊन समोर उभी राहायचे. "काय हवंय, बाई?" "पा…" "पूर्ण म्हणा." तुमच्या गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या, लाळ गळायची, डोळे भरायचे. मी फडक्याने लाळ पुसायचे आणि पुन्हा म्हणायचे, "पूर्ण म्हणा, बाई." डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलायचा सराव द्या. मी तोच देत होते, असं कुणालाही वाटलं असतं. कधी कधी तुम्हाला पाणी मिळेपर्यंत ग्लासाबाहेरचं दव सुकून जायचं.

तुम्हाला पुन्हा काम करायचं होतं. डाव्या हाताने कागदाकडे, जाळीकडे बोट करायचात. मी तुम्हाला खुर्चीत बसवून टेबलाशी नेलं, डाव्या हातात चमचा दिला. तुम्ही घासलंत आणि कागद फाटला. तेव्हा माझ्या मनात ते आलं. मी तुमचा फोटो काढला, उन्हात, खुर्चीत, तोंड ओढलेलं तसंच, पापणी खाली लोंबलेली तशीच. वर्ध्याहून जाळी करून आणली. पूर्वीची मायची जाळी मी कितीदा शोधली होती. ती सापडली तेव्हा तुम्ही ती केव्हाच धुऊन तिच्यावर कण्हेरीच्या फुलांचं चित्र चढवलं होतं. जाळ्या कमी होत्या तुमच्याकडे. तुमच्या चेहऱ्याची मी एकच फरशी केली. अगदी मन लावून केली. प्रत्येक सुरकुती, ओठाच्या कोपऱ्यातली ओल, सगळं उतरवलं. भाजली, झिलई दिली, पुन्हा भाजली. सकाळचा चहा पाजून झाल्यावर तुमचं तोंड पुसलं आणि ती फरशी तुमच्या मांडीवर ठेवली. मी समोर स्टूल घेऊन बसले. तुमच्या घरातला आरसा मी कधीच उतरवला होता. दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही स्वतःला पाहिलं नव्हतं. तुम्ही 'कोण' असं विचाराल आणि मी काय उत्तर देईन, ते आठ वर्षं माझ्याजवळ तयार होतं.

तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही ती फरशी डाव्या हाताने जरा तिरपी केलीत, खिडकीकडे, उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल अशी. किती तरी वेळ पाहिलंत. डोळे कोरडे, आणि त्यांत तीच जुनी बारीक नजर. मग नख हनुवटीखालच्या कडेवर टेकवलंत. तिथे, अगदी मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत, छपाई पुसट होती. आणि तुम्ही बोललात, आजारपणात कधी बोलला नव्हता इतकं स्पष्ट. "लवकर… उचल…लास."

बाई, मला वाटलं होतं तुम्ही मोडून पडाल. मला वाटलं होतं निदान एकदा तरी कळेल, एखाद्या माणसाचा चेहरा काय असतो. पण ती तुम्ही स्वतःच आहात हे तुम्हाला कळलं होतं, मी पाहिलं ते तुमच्या डोळ्यांत, आणि तरी तुमचं काही बिघडलं नाही. तुमच्या लेखी माझी माय आणि तुम्ही सारख्याच होतात. नीट उमटलेली किंवा न उमटलेली. मी आठ वर्षं ज्या गोष्टीवर सूड घ्यायला थांबले होते, ती गोष्ट तुमच्यात नव्हतीच. मी बाहेर जाऊन कडुलिंबाखाली उभी राहिले. आतून तुमचा आवाज येत होता, समाधानी, अर्धवट. तुम्ही तो शब्द पुन्हा म्हणून पाहत होतात. बोलता येतंय याचा आनंद झाला होता तुम्हाला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तुम्ही गेलात.

आता शेड माझ्याकडे आहे. तुमच्या पुतण्याला ते नको होतं. सेलूच्या, आर्वीकडच्या मुली येतात, आता संगणकावरून कागद छापून आणतात आणि भट्टीत त्यातली शाई जळून तिच्यातलं लोखंड तेवढं तपकिरी होऊन उरतं. तुम्हाला आवडलं असतं. मी त्यांच्या वाट्यांना भोकं पाडत नाही. त्या 'मले' म्हणतात तर म्हणू देते. गेल्या महिन्यात आर्वीकडची एक मुलगी तिच्या आजीचा फोटो घेऊन आली. "मॅडम, हे मले ताटावर पाह्यजे." मी तो खिडकीशी धरला. काय चेहरा होता बाई. उन्हाने भाजलेला, एका डोळ्यात फूल पडलेलं, गालांत खड्डे. माझी बोटं शिवशिवली. त्या म्हातारीचा विचार माझ्या मनात आला नाही, तिच्या नातीचाही नाही. किती ठिपक्यांची जाळी लागेल हा आला. मी फोटो लगेच परत दिला आणि म्हटलं, हे इथे होत नाही. ती पोरगी रडत गेली. तिला फक्त आजी हवी होती. गावी भिंतीवरचं ताट वहिनीने केव्हाच खाली काढलं आहे, लोणच्याच्या बरणीवर झाकायला बरोबर बसतं म्हणून.

तुम्ही गेलात त्या दिवसाबद्दल मी सगळ्यांना एकच सांगितलं. पुतण्याला, मावशीला, सभेला आलेल्या लोकांना. सकाळी भट्टी चालू होती, गॅसच्या बर्नरचा घूं-घूं आवाज, त्यात काही ऐकू येत नाही, आणि ऐन तापात असलेली भट्टी सोडून उठता येत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. पुतण्या म्हणाला, "तुमचा काय दोष?" मावशीने माझ्या पाठीवर हात फिरवला. भट्टीतलं त्यांना कुणालाच काही कळत नव्हतं. कळलं असतं ते एकट्या तुम्हाला, म्हणून आज हे तुम्हाला लिहायला बसले. टपालात घालायला पत्ता नाही हे बरंच आहे.

तुम्ही स्टीलचा पेला पलंगाच्या दांड्यावर आपटत होतात. आधी जोरात, मग थांबून थांबून. मी भट्टीजवळच्या स्टुलावर बसले होते आणि मला प्रत्येक ठोका ऐकू येत होता. मला वाटलं, पाणी हवं असेल. पूर्ण म्हणू दे. मी आवाज बंद होईपर्यंत बसले, आणि त्यानंतरही थोडा वेळ. बर्नर मी आदल्या दिवशी दुपारीच बंद केला होता. भट्टी नुसती निवत होती, बाई. निवत्या भट्टीजवळ बसावं लागत नाही.